मासिकात जागा नाकारली म्हणून निघालेला अंक : 'द व्हीगन न्यूज', १९४४

ऑगस्ट १९४४ मध्ये इंग्लंडच्या व्हेजिटेरियन सोसायटीकडे एक साधी मागणी आली. डोनाल्ड वॉटसन आणि एल्सी श्रिग्ली या दोघांचं म्हणणं असं की आपल्यात काही लोक आहेत जे मांसमच्छी तर खात नाहीतच, पण दूध, लोणी, चीज, अंडी यातलंही काही घेत नाहीत, तर त्यांचा सोसायटीतच एक गट असू द्या आणि मासिकात त्यांना थोडी जागा द्या. कमिटीनं चर्चा केली आणि नाही म्हणून कळवलं. भाषा सभ्य होती: तुमच्या विचारांबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, पण सोसायटीची सगळी ताकद मांसाहार बंद करण्याच्या कामीच लागली पाहिजे, तेव्हा तुम्ही स्वतंत्र होऊन काय ते करा.

तीन महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, त्यांचा स्वतःचा अंक निघाला. किंमत २ पेनी. वर्गणीदार होते २५. आज जगभर व्हीगन म्हणून, म्हणजे मांसाबरोबरच दूध, अंडी असं प्राण्यांपासून मिळणारं काहीच न घेणारे म्हणून, जे काही चाललंय, संस्था, मेळावे, पाकिटांवरची चिन्हं, त्याचा एक मोठा धागा या घरी काढलेल्या अंकापर्यंत जातो.

हे प्रकरण मी निवडलं कारण आपल्या शहरांतून व्हीगन ग्रुप निघतात, सुरुवातीला जोरात अंगतपंगत होते, कुणी शेंगदाण्याचं दही आणतं कुणी नारळाच्या दुधाची बासुंदी आणतं, फोटो पडतात, आणि मग संयोजक दमतो, दोघंतिघं गाव सोडून जातात आणि वर्षभरात ग्रुपवर फक्त सणाच्या शुभेच्छा उरतात. जेवण चांगलं झालं नाही म्हणून कुठलाच ग्रुप बंद पडलेला मी पाहिला नाही. मग काय कमी पडतं? माझं मत या प्रकरणावरून पक्कं झालंय की ग्रुप टिकतो तो लिहून ठेवल्यानं, छापून हातात दिल्यानं, आणि ते काम वेळेत दुसऱ्याच्या हातात सोपवल्यानं. १९४४ च्या या मंडळींनी हे तिन्ही केलं, सगळं नीट केलं असं नाही, पण केलं.

आधीची पार्श्वभूमी

व्हेजिटेरियन सोसायटी १८४७ ची, म्हणजे वॉटसन वगैरे आले तेव्हा जवळपास शंभरीला टेकलेली संस्था. दूध आणि अंड्यांचा वाद तिच्या मासिकात काही नवीन नव्हता, १९०९ पासून त्यावर पत्रं छापून येत होती. बरं, दूध पिणारे शाकाहारीसुद्धा तत्त्व म्हणून दुधाची बाजू फारशी मांडत नव्हते, त्यांचं म्हणणं सोयीचं होतं, दूध सोडलं तर खायचं काय, लोकांत वावरायचं कसं, एवढंच. म्हणजे प्रश्न सगळ्यांना माहीत होता, उत्तर बहुतेकांना पटलेलं होतं, फक्त ते कुणाला अंगावर घ्यायचं नव्हतं.

इथे गांधीजी येतात आणि ओढूनताणून नाही. लंडन व्हेजिटेरियन सोसायटी ही वेगळी संस्था, तिच्या कार्यकारिणीवर गांधीजी विद्यार्थीदशेत होते आणि तिच्याच साप्ताहिकात १८९१ मध्ये त्यांचे अगदी सुरुवातीचे लेख छापले गेले. पुढे त्याच सोसायटीपुढे २० नोव्हेंबर १९३१ ला, गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले असताना, त्यांनी भाषण केलं. तेव्हा ते म्हणाले की तब्येतीसाठी म्हणून जे शाकाहारी होतात ते बहुतेक टिकत नाहीत, पाया नीतीचा असेल तरच माणूस टिकतो. आणि याच भाषणात त्यांनी स्वतःच्या दुधाची गोष्टही सांगितली. त्यांनी दूध वर्ज्य केलं होतं, मग आमांशानं शरीराचा नुसता सापळा झाला, तरी ते दुधाला हात लावेनात, तेव्हा असं सुचवण्यात आलं की तुमची शपथ गाईम्हशीच्या दुधाची होती, शेळीचं चालेल, कस्तुरबांनी ते उचलून धरलं आणि गांधीजी कबूल झाले. ही गोष्ट घडली आपल्या मुंबईत, डॉक्टर दलाल उपचार करत होते तेव्हा. लंडनच्या सभेत गांधीजींनी साफ सांगितलं की खरं बघता ज्यानं दूध सोडलं त्याला शेळीचं दूधही वर्ज्यच पाहिजे. आपल्याकडे दुधाचा विषय काढला की "मग गांधीजी कसे काय शेळीचं दूध प्यायचे" हे हमखास ऐकायला मिळतं, त्यांना हे भाषण वाचायला द्यावं असं मला मनापासून वाटतं.

तर १९४४ मध्ये वॉटसन जे म्हणत होते ते लंडनच्या शाकाहारी मंडळींनी तेरा वर्षं आधीच, एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं होतं. ऐकून टाळ्या वाजवणं आणि संस्थेचं धोरण बदलणं यात अंतर असतं आणि ते अंतर भाषणांनी सहसा भरून निघत नाही.

वॉटसन कोण होते? १९१० चा जन्म, यॉर्कशायरमधल्या मेक्सबरो नावाच्या गावचा, आजूबाजूला कोळशाच्या खाणी, वडील मुख्याध्यापक. लहानपणी काकांच्या शेतावर डुक्कर मारताना पाहिलं, ते ओरडणं ऐकलं, आणि चौदाव्या वर्षी मांस सोडलं. पुढे शाळेत सुतारकामाचे शिक्षक झाले. युद्धात सदसद्विवेकबुद्धीच्या कारणावरून लढायला नकार देणाऱ्यांत त्यांचं नाव होतं, म्हणजे चारचौघांपेक्षा वेगळं उभं राहायची सवय आधीपासूनच होती. लेस्टरच्या स्थानिक शाकाहारी मंडळाचे ते सेक्रेटरी होते. सेक्रेटरी म्हणजे काय हे ज्यांनी कुठल्याही मंडळाचं काम केलंय त्यांना सांगायला नको, पत्रं लिहायची, नोटिसा टाइप करायच्या, हिशोब ठेवायचा, खुर्च्या मांडायच्या. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी शाकाहाऱ्यांनी दुधाचे पदार्थ खावेत का या विषयावर भाषण दिलं, त्याचा सारांश मार्च १९४४ मध्ये मासिकात आला, त्यावर पत्रं आली, आणि त्या पत्रांतून कळलं की अरे, आपण एकटे नाही. मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच वाटतो. माणसं विखुरलेली होती, एकमेकांना माहीत नव्हती, आणि मासिकातल्या पत्रांच्या पानानं त्यांची गाठ घालून दिली. म्हणूनच त्यांनी ऑगस्टमध्ये सोसायटीकडे हॉल मागितला नाही, पैसे मागितले नाहीत, मासिकात जागा मागितली.

अटिक क्लबमधली सभा

नकार आल्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या एका रविवारी लंडनला होबर्न भागात अटिक क्लबमध्ये सभा झाली. वॉटसन आणि आणखी पाच जण, त्यात श्रिग्लीबाई होत्याच. सहा माणसं! काळ कसला होता ते लक्षात घ्या, सप्टेंबरपासून लंडनवर जर्मनांची व्ही-२ रॉकेटं पडत होती, १९४० पासून रेशनिंग चालू होतं, अंड्यांची पावडर डब्यातून मिळत होती, आणि सरकार सगळ्यांना सांगत होतं की मुलांना आणि गरोदर बायकांना दूध पाजा, त्याची खास सोयही केलेली होती. अशा वेळी दूध नको म्हणणारी संघटना काढायची म्हणजे लोकांनी वेड्यात काढलं असेल यात मला शंका नाही.

सहा माणसांच्या सभेत एक फायदा असतो, भाषण करता येत नाही, बोलावंच लागतं. आपण पहिल्या कार्यक्रमाला तीस लोक तरी आले पाहिजेत म्हणून जीव टाकतो, हॉल बुक करतो, पाहुणा बोलावतो, आणि त्या तिसातले पंचवीस परत दिसत नाहीत. इथे सहाच्या सहा जणांना बोलायला वाव होता.

अंक कसा निघाला

अंक एकट्या वॉटसननी काढला. स्वतः लिहायचं, स्वतः टाइप करायचं, डुप्लिकेटरवर प्रती काढायच्या, पानं क्रमानं लावायची, टाचायची आणि टपालात टाकायची, आणि दिवसा शाळेत मुलांना रंधा मारायला शिकवायचं. आपल्याकडे जुन्या लोकांना सायक्लोस्टाईल आठवत असेल, संस्थांची पत्रकं, युनियनच्या नोटिसा, साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं यातलं बरंच काही त्याच पद्धतीनं निघालं, बोटं शाईनं काळी व्हायची आणि बऱ्याच प्रती काढल्या की अक्षर पुसट यायला लागायचं. अंकाच्या नावाखाली ओळ होती की हे दुग्धपदार्थ न खाणाऱ्या शाकाहाऱ्यांचं त्रैमासिक आहे. त्रैमासिक ठेवलं हे शहाणपण, दर महिन्याला काढतो म्हटलं असतं तर तिसऱ्या अंकाला बंद पडलं असतं.

नाव कसं ठरलं तेही संपादकाच्या बाजूनं बघण्यासारखं आहे. पहिल्या अंकाला काहीतरी नाव देणं भाग होतं म्हणून त्यांनी 'द व्हीगन न्यूज' देऊन टाकलं आणि वाचकांना सांगितलं की तुमच्या सूचना कळवा. आणि छोट्या नावाचा फायदा सांगताना लिहिलं की ज्या सेक्रेटरींना वर्षातून हजारो वेळा 'व्हेजिटेरियन' हा लांब शब्द टाइप करावा लागतो त्यांनाच त्याची खरी किंमत. हे वाचून मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली, एवढं मोठं ध्येय आणि त्यात टाइप करून दुखणाऱ्या बोटांचा विचार.

अंकातला मजकूर मवाळ नाही. दूध आणि मांस हे दोन वेगळे धंदे नाहीत, एकमेकांच्या आधारावर चालतात, नर वासराचं काय होतं, आटलेल्या गाईचं काय होतं हे ज्याला गोठ्याचं कामकाज माहीत आहे त्याला समजावून सांगायला नको, असा रोख. नुसता शाकाहार म्हणजे अर्ध्या वाटेवरचा मुक्काम, आपण पूर्ण प्रवास करायचा प्रयत्न करू, असं म्हटलंय. वेळ अजून आलेली नाही असं म्हणणाऱ्यांना विचारलंय की गुलामगिरीविरुद्ध लढताना विल्बरफोर्स वेळ यायची वाट बघत बसला होता का. आणि एक वाक्य तर आजही कुठल्याही कामाला लागू पडतं, पुढच्या पिढीवर सोडण्यात धोका आहे, कारण पुढच्या पिढीची ध्येयं आपली असतीलच असं नाही.

पण ज्या सोसायटीनं जागा नाकारली तिच्याबद्दल कडवटपणा नाही. त्यांनी असं ठरवलं, त्यांची बाजू ही अशी, म्हणून आम्ही स्वतंत्र होतोय, एवढंच सांगून पुढे गेलेत. हे सोपं नाहीये. आपल्याकडे कुठलाही गट फुटला की पहिला अख्खा अंक आधीच्या गटानं काय काय अन्याय केला यातच जातो, वाचणाऱ्याला वाटतं हे यांचं घरगुती भांडण आहे, आणि तो निघून जातो. वॉटसनच्या अंकात नवीन माणसाला आत यायला दार होतं.

एका बाबतीत मात्र मला ते पटत नाहीत. १९४३ मध्ये ब्रिटनमधल्या ४० टक्के दुभत्या गाईंमध्ये क्षयरोग असल्याची माहिती पुढे आली होती आणि वॉटसननी ती दुधाविरुद्धच्या प्रचारात जोरात वापरली. त्या क्षणी मुद्दा बिनतोड होता, पण तो तब्येतीचा मुद्दा होता. पुढे कळपांतला क्षय बराचसा आटोक्यात आणला गेला, पाश्चरायझेशन बहुतेक सगळीकडे झालं, मुद्द्यातला जोर गेला. गांधीजी १९३१ मध्ये हेच सांगून गेले होते की तब्येतीच्या पायावर उभं राहू नका. आज आपणही स्टॉलवर उभं राहून दुधातली भेसळ, इंजेक्शनं, हार्मोन याबद्दलच बोलत बसतो कारण ते लोकांना पटकन पोचतं, आणि मग समोरचा म्हणतो, आमच्या गावाकडून चुलत्यांच्या घरचं शुद्ध दूध येतं, आणि आपल्याकडे उत्तर राहत नाही. उत्तर त्या वासराचंच असायला पाहिजे, ते चुलत्यांच्या गोठ्यातही असतं.

५०० वर थांबवलेली यादी

अंक निघाल्यावर पत्रांचा ओघ सुरू झाला. वॉटसननी साधारण दोन वर्षं हे सगळं एकट्यानं ओढलं आणि वर्गणीदारांचा आकडा ५०० वर थांबवावा लागला, कारण त्यापेक्षा जास्त प्रती एका माणसाच्या हातानं लावून होत नव्हत्या. लोक अंक मागतायत आणि संपादक म्हणतोय आता नाही जमत. आपल्याला हे अपयश वाटेल. मला ते या प्रकरणातलं सगळ्यात जबाबदार पाऊल वाटतं, कारण त्यांनी अंकाची पानं कमी केली नाहीत, पत्रांना उत्तरं द्यायचं टाळलं नाही, आणि एक दिवस अचानक सगळं टाकून पळून गेले नाहीत. मर्यादा उघड सांगितली.

मग १९४६ मध्ये काम कमिटीकडे गेलं, अंक आता 'द व्हीगन' या नावानं निघत होता, आणि वॉटसन संपादकपदावरून बाजूला झाले. याच वर्षी फे हेंडरसन यांनी व्हीगन पाककृतींचं पुस्तक काढलं. म्हणजे दोन वर्षांत एका माणसाच्या टेबलावरचं काम चार जणांच्या टेबलांवर गेलं. संस्थापक जिवंत, तब्येतीनं ठणठणीत, तरी खुर्चीवरून उठला, हे आपल्याकडच्या संस्थांमध्ये मी फार कमी बघितलंय. वॉटसन पुढे केसिकला डोंगरांमध्ये राहायला गेले, बागकाम करत, चालत, ९५ वर्षं जगले, २००५ मध्ये वारले. त्यांनी साठ वर्षं संस्थेवर सावली धरली नाही म्हणून संस्था वाढली असं माझं स्पष्ट मत आहे.

जे सुटलं ते

सुरुवातीच्या अंकांमध्ये दोन गोष्टी राहून गेल्या. एक म्हणजे व्याख्या. आपण काय खात नाही हे सगळ्यांना माहीत होतं पण आपण नेमके कशासाठी आहोत हे लिहिलेलंच नव्हतं. लेस्ली क्रॉस नावाच्या सभासदानं १९४९ मध्ये हे दाखवून दिलं आणि मग माणसानं प्राण्यांचं शोषण न करता जगावं हा विचार १९५१ पर्यंत व्याख्या म्हणून मांडला गेला. जेवणापुरतं मर्यादित असलेलं तेव्हा चामडं, लोकर, सर्कस, प्रयोगशाळा इथपर्यंत गेलं. पाच सात वर्षं उशीर झाला, पण हा उशीर एका सभासदाच्या लेखामुळे भरून निघाला, तो लिहायला जागा होती म्हणून.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सुरुवातीच्या लोकांना बी१२ जीवनसत्त्व माहीतच नव्हतं, असणार कसं, ते वेगळं काढलं गेलं १९४८ मध्ये, अमेरिकेत मर्कच्या आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोच्या शास्त्रज्ञांनी. तोपर्यंत काही जण वर्षानुवर्षं दूधअंड्यांशिवाय होते, त्यातल्या काहींना त्रास व्हायला लागला, आणि १९५० च्या दशकात डॉक्टरांनी ब्रिटिश व्हीगन लोकांच्या तपासण्या करून त्यावर लिहिलं. हा भाग आपले लोक सांगायला कचरतात, विरोधकांच्या हातात कोलीत कशाला द्या म्हणून. मला हे चुकीचं वाटतं. पुण्यात केईएम हॉस्पिटलमध्ये डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं दाखवून दिलंय की बी१२ ची कमतरता आपल्याकडे दूध पिणाऱ्या शाकाहारी लोकांतही सर्रास आहे. म्हणजे हा फक्त व्हीगनांचा प्रश्न नाहीये, आणि गोळी स्वस्त आहे, औषधाच्या दुकानात मिळते. आपल्या प्रत्येक अंगतपंगतीला, प्रत्येक पत्रकावर, हे पहिल्या पानावर पाहिजे. माझ्या ओळखीची मुलं उत्साहानं व्हीगन होतात आणि दोन वर्षांनी हातापायाला मुंग्या आल्या म्हणून परत तूपदुधावर जातात, आणि घरचे म्हणतात बघ, सांगितलं होतं. हे टाळता येण्यासारखं आहे म्हणून जास्त वाईट वाटतं.

दुधाला पर्याय काय, या प्रश्नावरही हीच मंडळी कामाला लागली. लेस्ली क्रॉसच्याच पुढाकारानं १९५६ मध्ये वनस्पतींपासून दूध बनवण्यासाठी सोसायटी निघाली, आणि तिच्यातूनच पुढे प्लामिल नावानं १९६५ मध्ये सोयाचं दूध बाजारात आलं. नऊ वर्षं! आज किराणाच्या ॲपवर बदामाचं, ओटचं दूध दहा मिनिटांत घरी येतं, त्यामागे अशी चिवट माणसं आहेत.

अंक समुद्रापलीकडे गेला

कॅलिफोर्नियात कॅथरीन निमो नावाच्या डॉक्टरबाई आणि रूबिन अब्रामोविट्झ यांनी १९४८ मध्ये छोटा गट काढला, आणि मुख्य काम काय, तर इंग्लंडहून आलेले 'द व्हीगन' चे अंक लोकांपर्यंत पोचवायचे. तिकडे न्यू जर्सीत मलागा नावाच्या छोट्या गावात एक तरुण इंग्लंडच्या संस्थेची पत्रकं वाचत होता, त्याचं नाव जे दिनशा. नाव ओळखीचं वाटलं ना? त्याचे वडील दिनशा घडियाली, १८७३ मध्ये मुंबईत जन्मलेले पारशी, १९११ मध्ये अमेरिकेला गेले. रंगीत प्रकाशानं रोग बरे करायची त्यांची पद्धत वैद्यकशास्त्रानं कधी मानली नाही आणि कोर्टानं त्यांना दोषीही ठरवलं, तो वेगळा विषय. पण घर शाकाहारी होतं, जे जन्मापासून शाकाहारी. १९५७ मध्ये त्यानं फिलाडेल्फियातला कत्तलखाना आतून बघितला आणि दूधही सोडलं. फेब्रुवारी १९६० मध्ये अमेरिकन व्हीगन सोसायटी काढली, आणि पहिली सभासद कोण झाली, तर त्याच निमोबाई.

त्यानं मासिक काढलं, नाव ठेवलं 'अहिंसा'. मुंबईच्या पारशी बापाचा न्यू जर्सीत वाढलेला मुलगा, अमेरिकन वाचकांसाठी काढलेलं मासिक, आणि नाव आपलं. पत्नी फ्रेया यांनी १९६५ मध्ये व्हीगन स्वयंपाकाचं पुस्तक काढलं, तेही घरच्याच संस्थेतर्फे. नवराबायको, एक घर, एक मासिक, एक पाककृतींचं पुस्तक आणि मेळावे, इंग्लंडमध्ये जे झालं तेच इथे, फक्त इथे संस्था जास्त काळ एकाच घराच्या जिवावर चालली.

मेळाव्यांच्या बाबतीत दिनशा वॉटसनच्या पुढे होते. मोठं संमेलन भरवायचं म्हणून १९७४ मध्ये उत्तर अमेरिकेच्या शाकाहारी संस्थांची एकत्र संघटना उभी केली आणि ऑगस्ट १९७५ मध्ये मेन राज्यात ओरोनोच्या विद्यापीठात जागतिक शाकाहारी संमेलन झालं. जवळजवळ दोन आठवडे, सुमारे १५०० लोक. तिथे भेटलेल्या लोकांनी परत जाऊन आपापल्या गावी मंडळं काढली, आणि अमेरिकेतली नंतरची चळवळ बरीचशी या संमेलनापासून मोजली जाते. पण लक्षात घ्या, संमेलन आलं पंधराव्या वर्षी. आधी पंधरा वर्षं अंक चालू होता, म्हणून बोलवायला पत्ते होते. आपण नेमकं उलटं करतो, आधी मोठा फेस्ट, स्पॉन्सर, बँड, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचा नंबर कुणाकडे नाही.

आपल्या इथे

आपल्याकडची अडचण १९४४ च्या इंग्लंडसारखीच आहे, थोडी जास्तच. तिथे शाकाहारी माणूस अल्पसंख्य होता, इथे शाकाहाराला घरादाराचा, जातीधर्माचा आधार आहे आणि त्या शाकाहारात दूधतूप पवित्र आहे, नैवेद्याला आहे, पंचामृतात आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधालाही चालतो. सरकारनं व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं ते २०२२ मध्ये. म्हणजे आपल्याला आजी, आई, सासूबाई यांच्याशी बोलायचंय, भांडायचं नाहीये, आणि हे बोलणं इंग्रजी रील्समधून होत नाही. ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, आमटी, भरली वांगी, सोलकढी हे सगळं आधीच व्हीगन आहे हे आपल्या भाषेत, आपल्या आईला वाचता येईल अशा कागदावर, कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं, प्रत्येक ग्रुपनं तीन महिन्यांतून एकदा चार पानं काढावीत. मराठीत. झेरॉक्स चालेल. एका पानावर बी१२ आणि खाण्याचं व्यवस्थित, डॉक्टरांकडून तपासून घेतलेलं. एका पानावर त्या मोसमातल्या पाककृती, ज्याला काजू आणि ॲव्होकॅडो लागत नाही अशा. आणि दोन पानं पत्रांची, त्यात कुणी लिहावं की लग्नात पंगतीला बसल्यावर तूप वाढणाऱ्याला कसं थांबवलं, कुणी लिहावं की मला जमत नाहीये, कुणी लिहावं की गोठ्यावर पोट असलेल्या शेतकऱ्याचं काय याचं उत्तर तुमच्याकडे आहे का. हा शेवटचा प्रश्न तर छापलाच पाहिजे, कारण कोल्हापूर, सांगली, नगरकडे दुधाच्या पैशांवर घरं चालतात आणि त्याकडे डोळेझाक करून इथे काही उभं राहणार नाही.

व्हॉट्सॲपवर हे सगळं बोललं जातं, पण सहा महिन्यांनी आलेल्या नव्या मुलीला ते सापडत नाही. कागद तिच्या हातात देता येतो, ती तो घरी टेबलावर विसरते, आणि मग तो तिची आई वाचते. संपादक दोन वर्षांनी बदलायचा हे पहिल्याच अंकात छापून टाकावं, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायचा प्रश्न नाही. आणि प्रती किती जमतील तेवढ्याच काढाव्यात, पन्नास तर पन्नास.

जे दिनशा २००० मध्ये वारले. पुढच्या वर्षी 'अहिंसा' मासिकाचं नाव 'अमेरिकन व्हीगन' झालं, संपादन फ्रेया यांनी सांभाळलं, आणि अंक मलागाहूनच निघत राहिला.